उपऱ्याशी कसं वागायचं? ज्यूंच्या धर्मग्रंथात हा नियम ३६ वेळा का आलाय?

२७ ऑक्टोबर २०१८, शनिवारची सकाळ. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात 'ट्री ऑफ लाइफ' नावाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शब्बाथची प्रार्थना सुरू होती. एक बंदूकधारी आत शिरला आणि त्याने ११ जणांना ठार मारलं. अमेरिकेच्या इतिहासातला ज्यूंवरचा हा सर्वात भीषण हल्ला.

हल्ल्याच्या काही मिनिटं आधी त्याने सोशल मीडियावर एक पोस्ट टाकली होती. त्याचा राग होता 'हायस' या संस्थेवर. ही ज्यूंची संस्था निर्वासितांना अमेरिकेत वसायला मदत करते. हल्लेखोराच्या मते ही संस्था देशात 'घुसखोर' आणत होती. त्या इमारतीत तीन वेगवेगळ्या मंडळ्या प्रार्थना करायच्या. त्यातल्या एका मंडळीने काही दिवस आधीच हायसच्या निर्वासितांसाठीच्या खास शब्बाथमध्ये भाग घेतला होता.

आता प्रश्न असा की, हायस सुरू झाली ती रशियन साम्राज्यातल्या दंगलींतून जीव वाचवून पळालेल्या ज्यूंसाठी. आज मात्र ती ज्यांना मदत करते त्यातले बहुतेक जण ज्यू नसतात. सीरियातला मुसलमान असतो, काँगोतला ख्रिश्चन असतो. मग ज्यूंच्या संस्थेला त्यांचं काय पडलंय? संस्थेचे लोक याचं उत्तर साधारण असं देतात: पूर्वी आम्ही मदत करायचो कारण येणारे ज्यू होते, आता करतो कारण आम्ही ज्यू आहोत.

म्हणजे हे सगळं येतं धर्मातून. आता ज्यूंचा धर्म परक्यांबद्दल नेमकं सांगतो काय, ते बघू. आणि हो, गोष्ट पोस्टरवरच्या वाक्याइतकी सरळ नाहीये.

'गेर' म्हणजे कोण?

ज्यूंच्या धर्मग्रंथाचा पाया म्हणजे 'तोरा', मोशेची पाच पुस्तकं. ख्रिश्चनांच्या बायबलची सुरुवातही याच पाच पुस्तकांनी होते. मराठी बायबलमध्ये त्यांची नावं आहेत उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. (हो, पाचव्या पुस्तकाचं नावच 'अनुवाद' आहे. पहिल्यांदा ऐकलं की गोंधळ होतोच.)

या पुस्तकांत बाहेरच्या माणसासाठी एकच शब्द नाही. 'नोख्री' म्हणजे परदेशी, व्यापाराला किंवा कामाला आलेला, ज्याचं स्वतःचं घर दुसरीकडे शाबूत आहे असा. आणि 'गेर' म्हणजे दुष्काळ, युद्ध, कर्ज, काहीही कारण असो, आपलं गाव सोडून दुसऱ्यांच्यात येऊन राहिलेला माणूस. मराठी बायबलमध्ये यासाठी 'परदेशी', 'उपरी' असे शब्द वापरलेत. 'उपरा' हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात नुसतं बाहेरून येणं नाही, तर आपलं म्हणून न धरलं जाणंही आहे.

गेरची अडचण समजायला त्या काळची व्यवस्था बघावी लागते. तोराच्या हिशोबाप्रमाणे जमीन कुळाकुळात वाटलेली. भांडण झालं, कर्ज झालं, कुणी मारलं, तर धावून येणार ते भाऊबंद. गेरकडे यातलं काहीच नाही. ना सातबाऱ्यावर नाव, ना पाठीशी भावकी. म्हणून ग्रंथात त्याचं नाव नेहमी विधवा आणि अनाथाच्या जोडीने येतं.

खुद्द ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम हा असाच गेर. उत्पत्तीच्या २३व्या अध्यायात त्याची बायको सारा वारते आणि तिला पुरायला त्याच्याकडे हातभर जमीन नसते. तो हेब्रोनच्या लोकांपुढे उभा राहतो, आपण इथले उपरे आहोत हे कबूल करतो आणि ४०० शेकेल चांदी मोजून एक गुहा विकत घेतो. मोशेनेही परमुलखात असताना झालेल्या मुलाचं नाव ठेवलं गेर्शोम. त्या नावातच 'गेर' आहे.

कारण एकच: आठवा, तुम्ही कोण होतात

बहुतेक धर्मांत 'पाहुण्याचा मान राखा' असं काहीतरी सांगितलेलं असतं. तोराचं वेगळेपण तिने दिलेल्या कारणात आहे. निर्गमच्या २२व्या आणि २३व्या अध्यायात उपऱ्याला छळू नका, असं बजावलंय. कारण काय, तर तुम्ही स्वतः मिसर देशात उपरे होतात आणि उपऱ्याच्या मनात काय चालतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मिसरची म्हणजे इजिप्तची ही गोष्ट काय? याकोबाचं कुटुंब दुष्काळामुळे कनानमधून मिसरला गेलं. आजच्या भाषेत, पोटासाठी सीमा ओलांडली. आधी बरं चाललं. पुढे नवा राजा आला. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात तो आपल्या लोकांना सांगतो की यांची संख्या फार वाढलीय, उद्या युद्ध झालं तर हे शत्रूला मिळतील. मग वेठबिगारी, मग नवजात मुलग्यांना मारण्याचा हुकूम. हा अध्याय वाचताना आपल्या फॅमिली ग्रुपवरचा एखादा फॉरवर्ड आठवला, तर तो योगायोग समजू नका. तोराच्या मते छळाची सुरुवात याच वाक्यापासून होते.

ही घटना इतिहासात जशीच्या तशी घडली याचे पुरावे पुरातत्त्वज्ञांना सापडलेले नाहीत. पण धर्माच्या दृष्टीने ती आठवण महत्त्वाची. दरवर्षी पेसाह म्हणजे वल्हांडण सणाला ज्यू कुटुंबं रात्री एकत्र बसतात आणि ही गोष्ट सांगतात. आणि नियम असा की, प्रत्येकाने आपण स्वतःच त्या गुलामीतून बाहेर पडलो असं समजायचं. पूर्वज नाही, मी.

आता विचार केला तर या आठवणीतून उलटा धडाही निघू शकतो. आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा. सासुरवास सोसलेली सून पुढे तशीच सासू होते, हे आपल्याकडे काही नवीन नाही. तोरा हीच वाट अडवते. अनुवादच्या २३व्या अध्यायात तर मिसरी माणसाचाही तिरस्कार करू नका, असं सांगितलंय, कारण तुम्ही त्याच्या देशात उपरे म्हणून राहिलात.

लेवीयचा १९वा अध्याय यापुढे जातो. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा, ही प्रसिद्ध आज्ञा याच अध्यायातली, १८व्या ओवीत. ती बहुतेकांनी ऐकलेली असते. पण त्याच अध्यायात ३४व्या ओवीत हीच आज्ञा पुन्हा येते आणि तिथे शेजाऱ्याच्या जागी गेर आहे. तो तुमच्यातल्याच एखाद्यासारखा धरायचा आणि त्याच्यावर स्वतःसारखं प्रेम करायचं.

ज्यूंचा दुसरा मोठा ग्रंथ तालमूद. त्यात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले रब्बी एलियेझर सांगतात की, तोराने गेरबद्दल ३६ वेळा ताकीद दिलीय. लगेच पुढे कुणीतरी म्हणतं, ४६ वेळा. तालमूद हा ग्रंथ असाच आहे, तिथे आकड्यावरही एकमत होत नाही. पण ३६ धरले तरी, इतक्या वेळा सांगावं लागलं याचा अर्थ लोक ऐकत नव्हते, एवढं नक्की.

तेराव्या शतकातले स्पेनमधले भाष्यकार नाखमानिदेस यांनी याचा एक चांगला अर्थ लावलाय. उपऱ्याला छळणारा असं समजतो की याच्या मागे कुणी नाही. ते म्हणतात, मिसरमध्ये तुमच्याही मागे कुणी नव्हतं, तरी तुमची हाक ऐकली गेली. त्याचीही ऐकली जाईल.

प्रेम करा म्हणजे नेमकं काय करा?

इथे तोरा मला सर्वात जास्त आवडते, कारण ती भावनेवर थांबत नाही. थेट शेतात, मजुरीत आणि कोर्टात घुसते.

शेताचं बघा. कापणी करताना शेताच्या कडेचा भाग कापायचा नाही. हातातून ओंब्या खाली पडल्या तर उचलायच्या नाहीत. एखादी पेंढी रानात विसरली तर परत आणायला जायचं नाही. द्राक्षमळ्यातले गळलेले मणी गोळा करायचे नाहीत, ऑलिव्हची झाडं दुसऱ्यांदा झोडपायची नाहीत. हे सगळं गरीब, विधवा, अनाथ आणि गेर यांचं. आपल्याकडे कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य वेचणं याला 'सरवा वेचणं' म्हणतात. तोच हा सरवा, फक्त इथे तो शेतमालकाची मेहेरबानी नाही, वेचणाऱ्याचा हक्क आहे.

हक्क म्हणजे किती, तेही ठरलंय. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात याच विषयावर एक स्वतंत्र भाग आहे, 'पेआ', म्हणजे शेताची कड. कड किमान साठाव्या हिश्शाची हवी, असं तिथे म्हटलंय. आणि पुढचा नियम तर कमाल आहे. सरवा वेचायला अडवणारा, एकाला वेचू देऊन दुसऱ्याला न देणारा, किंवा वेचणाऱ्यांपैकी एकालाच मदत करणारा, हे सगळे गरिबांची चोरी करतात. म्हणजे मालकाने आपल्या ओळखीचा, आपल्या जातीचा, आपल्याला हात जोडणारा गरीब निवडायचा नाही. फोटो काढून धान्यवाटप करण्याचा तर प्रश्नच मिटला.

मजुरीबद्दल अनुवादच्या २४व्या अध्यायात सांगितलंय की, गरीब मजूर, मग तो तुमच्यातला असो वा उपरा, त्याची रोजंदारी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची. त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. आठवड्याच्या सुट्टीतही गेर येतो. शब्बाथला घरच्या लोकांसोबत गुलामाला, गुरांना आणि गेरलाही विश्रांती. दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दहावा भाग ज्यांच्यासाठी गावात साठवायचा, त्यातही तो आहे.

कायदा दोघांना एकच, हे वाक्य तर तोरात वेगवेगळ्या ठिकाणी येतं. हातून चुकून खून झालेल्या माणसाला सूडापासून वाचवण्यासाठी सहा 'आश्रयनगरं' ठेवलेली होती. तिथे गेरलाही आसरा होता.

आणि आता निर्वासितांच्या प्रश्नाशी सर्वात थेट जोडलेला नियम. अनुवादच्या २३व्या अध्यायात पळून आलेल्या गुलामाबद्दल सांगितलंय. त्याला मालकाच्या हवाली करायचं नाही. त्याला आवडेल त्या गावात राहू द्यायचं आणि त्याला त्रास द्यायचा नाही. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड आहे. ते बघितलं की या नियमाचं वेगळेपण कळतं. १८५० मध्ये अमेरिकेत पळालेले गुलाम मालकांना परत करण्याची सक्ती करणारा कायदा आला, तेव्हा गुलामगिरीच्या विरोधकांनी तोराचा हाच नियम पुढे केला होता.

सदोमचं पाप काय होतं?

नियम झाले, आता गोष्टी. उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दारात बसलेला असतो. तीन अनोळखी माणसं दिसतात आणि तो म्हातारा त्यांच्याकडे धावत जातो. पाय धुवायला पाणी, सावली, ताज्या भाकरी, वासराचं मांस. ते कोण आहेत, कुठून आले, हे तो विचारत नाही. त्या वेळी देव त्याला भेटायला आलेला असतो, असं परंपरा मानते. देवाला थांबवून तो पाहुण्यांकडे धावला. त्यावरून तालमूद निष्कर्ष काढतो की पाहुण्याचं स्वागत हे देवाच्या दर्शनापेक्षा मोठं.

लगेच पुढच्या अध्यायात याचं उलट टोक येतं, सदोम. हे नाव आज समलैंगिकतेशी जोडलं जातं. पण संदेष्टा यहेज्केल सदोमचं पाप सांगतो ते वेगळंच. गर्व, पोटभर अन्न, निवांत आयुष्य, आणि तरी गरिबाला हात न देणं.

तालमूदमध्ये सदोमच्या ज्या कथा आहेत त्या अंगावर येतात. भिकारी आला की प्रत्येक जण त्याला स्वतःचं नाव कोरलेलं नाणं द्यायचा. पण भाकरी कुणीच विकायचं नाही. तो पैसे हातात घेऊन भुकेने मरायचा, मग प्रत्येक जण येऊन आपापलं नाणं परत न्यायचा. पाहुण्यासाठी एक खाट होती. तो उंच असला तर त्याला तोडायचे, बुटका असला तर ताणायचे. एक मुलगी घागरीत भाकरी लपवून एका गरिबाला द्यायची. ते कळल्यावर गावाने तिच्या अंगाला मध फासून तिला तटावर उभं केलं. मधमाश्यांनी तिचा जीव घेतला.

म्हणजे या परंपरेत सदोम हे असं शहर आहे, जिथे मदत करणं हाच गुन्हा झालाय.

पण दुसरी बाजू आहेच

इथवर वाचून तोरा म्हणजे मानवाधिकारांचा जाहीरनामाच, असं वाटत असेल तर थांबा. त्याच ग्रंथात बरोबर उलटंही सापडतं.

अनुवादच्या ७व्या आणि २०व्या अध्यायात कनानमधल्या लोकांना जिवंत ठेवू नका, अशा आज्ञा आहेत. आपल्या माणसाकडून व्याज घ्यायचं नाही, पण नोख्रीकडून घेतलं तर चालतं. लेवीयच्या २५व्या अध्यायानुसार येऊन राहिलेल्यांच्या मुलांना गुलाम म्हणून विकत घेता येतं. म्हणजे 'कायदा एकच' हे सगळीकडे लागू नव्हतं. अम्मोनी आणि मवाबी लोकांना तर मंडळीत कधीच घेऊ नका, असं सांगितलंय. पुढे बाबिलोनच्या वनवासातून परतल्यावर एज्रा या धर्मगुरूने परकीय बायका सोडून द्यायला लावल्या, मुलांसकट.

आणि मग येतं रूथचं पुस्तक. जेमतेम चार अध्यायांचं. रूथ ही मवाबी, म्हणजे जिला दारच बंद आहे अशी. विधवा झालेली. सासू नामी बेथलेहेमला परत निघते तेव्हा ती सासूला सोडत नाही. तिथे सातूच्या कापणीत ती बवाजच्या शेतात सरवा वेचायला जाते, वर सांगितलेल्या त्याच कायद्याच्या आधारावर. बवाज गड्यांना बजावतो की तिला त्रास द्यायचा नाही, उलट मुद्दाम काही ओंब्या टाकत चला. पुढे दोघांचं लग्न होतं आणि त्यांच्या पणतवाचं नाव असतं दावीद, ज्यूंचा सर्वात मोठा राजा.

काही अभ्यासकांना वाटतं की हे पुस्तक म्हणजे एज्राच्या धोरणाला दिलेलं उत्तरच आहे. ते कधी लिहिलं गेलं यावर वाद आहे. पण रब्बींपुढे पेच पडला हे खरं. मवाबीला बंदी असेल तर दावीदचं काय? त्यांनी वाट काढली की बंदी मवाबी पुरुषांना आहे, बायकांना नाही. पळवाट म्हणा हवं तर, पण दार उघडण्यासाठी काढलेली.

शब्दाचा अर्थच बदलला

आता या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट, जी पोस्टरवर कधीच येत नाही. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. ज्यू स्वतःच जगभर उपरे झाले. मग 'आमच्या देशात येऊन राहिलेला परका' हा प्रश्नच उरला नाही. रब्बींनी 'गेर' शब्दाचा अर्थ लावला, ज्यू धर्म स्वीकारलेला माणूस. आजच्या हिब्रूतही धर्मांतर करणाऱ्याला 'गेर' म्हणतात. मूळ धर्म ठेवून ज्यूंच्यात राहणाऱ्यासाठी 'गेर तोशाव' असा वेगळा वर्ग केला आणि त्याला अटी लावल्या.

म्हणजे सनातनी अर्थाने बघितलं तर ३६ वेळा आलेली ती आज्ञा सीरियन निर्वासिताबद्दल नाहीच, असं म्हणता येतं. आणि असं म्हणणारे रब्बी आहेतही.

पण अर्थ आक्रसला तरी धार गेली नाही. मिश्ना सांगते की, धर्मांतरिताच्या मुलाला त्याच्या बापजाद्यांवरून टोमणा मारायचा नाही. बाराव्या शतकात ओबादिया नावाच्या धर्मांतरिताने थोर तत्त्वज्ञ मायमोनिदेस यांना पत्र लिहून विचारलं की, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असं मी म्हणू शकतो का? माझे पूर्वज तर ज्यू नव्हते. मायमोनिदेस यांचं उत्तर होतं, बिनधास्त म्हण, तुझ्यात आणि आमच्यात काही फरक नाही.

आणि अर्थ पुन्हा रुंद करणारेही झाले. तेराव्या शतकात स्पेनमध्ये लिहिलेला 'सेफर हाखिनुख' हा ग्रंथ तोराच्या सगळ्या आज्ञा एकेक करून समजावतो. गेरवर प्रेम करण्याच्या आज्ञेबद्दल तो म्हणतो की यातून आपण हे शिकायचं की आपलं गाव सोडून परक्या गावात आलेल्या कुणाही माणसावर दया करायची. त्याशिवाय ज्यू नसलेल्या गरिबांनाही ज्यू गरिबांसोबत मदत करायची, त्यांच्या आजाऱ्यांना भेटायचं, असं तालमूदमध्ये आहेच. कारण तिथे 'शांततेसाठी' असं दिलंय. काहींना तो व्यवहार वाटतो, काहींना तत्त्व.

सत्ता हातात आल्यावर

१९३८ मध्ये फ्रान्समधल्या एवियाँ इथे ३२ देश जमले होते. जर्मनीतून पळणाऱ्या ज्यूंना कोण घेणार, यावर चर्चा झाली आणि जवळपास सगळ्यांनी हात वर केले. १९३९ मध्ये 'सेंट लुईस' जहाज ९३७ प्रवासी घेऊन निघालं, त्यातले बहुतेक ज्यू. क्युबाने मोजक्यांनाच उतरू दिलं, अमेरिका आणि कॅनडाने दारं बंद ठेवली, जहाज युरोपला परतलं. त्यातले अडीचशेहून जास्त लोक पुढे नाझींच्या नरसंहारात मारले गेले. मिसरची आठवण पेसाहची गोष्ट होती, ही ताजी जखम होती.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि जवळपास दोन हजार वर्षांनी 'आमच्यातला परका' हा प्रश्न खरा झाला. त्याच युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले आणि त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. हे वगळून या विषयावर बोलणं खोटेपणाचं होईल. तेव्हापासून आजपर्यंत इस्रायलमधले काही रब्बी लेवीयचा १९वा अध्याय सरकारपुढे धरतात, तर काही कनानबद्दलच्या आज्ञा काढून दाखवतात. पॅलेस्टिनींचा आक्षेप आणखी मुळाशी जातो. ते म्हणतात, आम्हाला 'उपरा' म्हणून प्रेमाने वागवा असं सांगता, पण आम्ही उपरे नाहीच, इथलेच आहोत.

त्याच देशाची दुसरी दोन चित्रं. जून १९७७. एका इस्रायली मालवाहू जहाजाने समुद्रात भरकटलेल्या ६६ व्हिएतनामी निर्वासितांना वाचवलं. इतर देश त्यांना घेईनात. नवे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांच्या पहिल्याच निर्णयांपैकी एक होता या लोकांना इस्रायलमध्ये घेण्याचा. कारण देताना त्यांनी सेंट लुईसची आठवण काढली.

आणि २००६ नंतर सिनाईचं वाळवंट तुडवत इरिट्रिया आणि सुदानमधून हजारो लोक आले. मोशेची गोष्टही याच वाळवंटातली. सरकारी भाषेत ते 'घुसखोर' ठरले. मुळात पॅलेस्टिनींना रोखायला केलेला १९५४ चा कायदा त्यांच्यासाठी बदलून वापरला गेला. होलोत इथे वाळवंटात त्यांच्यासाठी स्थानबद्धता केंद्र उभं राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि २०१४ मध्ये त्या तरतुदी रद्द केल्या. २०१८ मध्ये त्यांना आफ्रिकेतच दुसऱ्या देशात पाठवायची योजना आली, तेव्हा नरसंहारातून वाचलेल्या वृद्धांनी विरोधात पत्रं लिहिली, काही रब्बींनी त्यांना घरात लपवायची तयारी दाखवली. त्या एप्रिलमध्ये पंतप्रधान नेतान्याहूंनी संयुक्त राष्ट्रांशी तोडग्याचा करार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी रद्द केला.

आणि आपले शनवार तेली

या गोष्टीचा एक धागा थेट अलिबागला येतो. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. हे कधी घडलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण ते कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली' झाले. भाषा मराठी झाली, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर झाली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये त्यांच्यातल्याच सॅम्युएल एझिकेल दिवेकरांनी बांधलं. जगातल्या फार थोड्या ज्यू समाजांना धर्मामुळे छळ सोसावा लागला नाही, त्यातला हा एक.

१९४८ नंतर यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे त्यांना वेगळाच अनुभव आला. तुमच्यात शतकानुशतकं लग्नं आणि घटस्फोट आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे झाले का, अशी शंका काही रब्बींनी काढली. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की, बेने इस्राएल माणसाला इतर ज्यूशी लग्न करायचं असेल तर त्याच्या आधीच्या पिढ्यांची चौकशी करावी. बापजाद्यांवरून टोमणा मारू नका, असं मिश्नात लिहिलेल्या धर्मातली ही गोष्ट.

बेने इस्राएल गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये धरण्याला बसले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेत हा विषय आला आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतीत बरोबरीचे ज्यू आहेत, असं जाहीर झालं. त्यानंतर काही दिवसांतच रब्बींच्या कार्यालयाने आदेश दुरुस्त केला. चौकशीचा नियम ठेवला, पण त्यातलं 'बेने इस्राएल' हे नाव काढलं आणि त्या जागी, जिच्या वंशाबद्दल शंका आहे अशी कुणीही व्यक्ती, या अर्थाचे शब्द घातले.